गिअरचे दात आणि पिकअपचे हिशेब

कडगंचीच्या केंद्रीय विद्यापीठावरून आळंदकडे जाणाऱ्या रस्त्यावर स्पोर्ट्‌स कार सहसा दिसत नाही, पण गिअरबद्दलची ठाम मतं इथल्याही प्रत्येक गॅरेजात ऐकू येतात. ‘पिकअप पाहिजे तर स्प्रॉकेट बदला’, ‘टॉप पाहिजे तर सहावा गिअर पाहिजे’ अशा थाटाची. त्यातलं किती खरं, हे आकडे मांडले की कळतं. त्यासाठी इथे घेतलेलं इंजिन महाराष्ट्रात बनतं.

कोइमतूरच्या कारी ट्रॅकवर होणाऱ्या ‘फॉर्म्युला भारत’ स्पर्धेत इंजिनिअरिंगचे विद्यार्थी स्वतः बांधलेली एकासनी रेसकार उतरवतात. पेट्रोल गटातल्या अनेक गाड्यांत बजाजच्या चाकण कारखान्यात तयार होणारं केटीएम 390 चं जुन्या पिढीचं इंजिन असतं: 373 सीसी, सहा गिअर, मोटरसायकलवर 37 न्यूटन-मीटर टॉर्क. पहिल्या गिअरचा रेशो 2.67, सहाव्याचा 0.84. क्लचकडची प्राथमिक घट 2.67. पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, 15 दातांचं, मागचं 45 चं, म्हणजे आणखी तीन पट घट. स्पर्धेत इंजिनाला हवा 20 मिलिमीटरच्या भोकातूनच घ्यावी लागते, त्यामुळे जोर थोडा घटतो. पुढचे हिशेब मोटरसायकलच्या आकड्यांवर केलेले आहेत.

गैरसमज: खालचा गिअर गाडीची ताकद वाढवतो.

वस्तुस्थिती: उसाच्या ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पहिल्या गिअरमध्ये टाकला म्हणून त्याच्या इंजिनाचे हॉर्सपॉवर वाढत नाहीत. चाकावरचा टॉर्क जितक्या पट वाढतो, तितक्याच पट चाकाचा वेग उतरतो. उलट, दात एकमेकांवर घासताना थोडी ताकद वायाच जाते.

गैरसमज: मागचं स्प्रॉकेट जितकं मोठं, तितका पिकअप जास्त.

वस्तुस्थिती: हे टायरची पकड सुटेपर्यंतच खरं. मूळ 45 दातांच्या स्प्रॉकेटवर पहिल्या गिअरची एकूण घट 21.3 पट होते. टायरचा व्यास 52 सेंटिमीटर धरला आणि दहा टक्के घर्षणात वजा केले, तर मागची चाकं जमिनीला सुमारे 278 किलोंच्या जोराने ढकलू पाहतात. आता गाडी आणि चालक मिळून 290 किलो धरा. सुटताना त्यातला साधारण 60 टक्के भार मागच्या चाकांवर येतो, आणि रेसच्या मऊ टायरांची पकड त्या भाराच्या 1.4 पट धरली तर मर्यादा निघते 244 किलो. म्हणजे वरचे 34 किलो नुसता धूर काढण्यात जातात.

मागचं स्प्रॉकेट 36 दातांचं केलं तर ढकल 223 किलोंवर येते. ती पकडीच्या आत बसते, म्हणजे जवळजवळ सगळी कामी येते.

फायदा तेवढ्यावर थांबत नाही. या स्पर्धेत 75 मीटरची सरळ धाव असते. 9,000 आरपीएमला 45 दातांवर पहिला गिअर ताशी 41 किलोमीटरला संपतो, दुसरा 59 ला, तिसरा 78 ला. 36 दातांवर हेच आकडे 52, 74 आणि 97 होतात. धाव नव्वदीच्या आसपास संपत असेल, तर पहिल्या जोडणीत तीनदा गिअर बदलावा लागतो, दुसरीत दोनदाच. गिअर बदलताना चाकांकडे जाणारा जोर क्षणभर तुटतो, आणि चार-पाच सेकंदांच्या धावेत तो क्षण महागात पडतो. लहान स्प्रॉकेट इथे जिंकू शकतं, ते असं.

गैरसमज: सगळ्या गिअरांमधलं अंतर सारखं असावं.

वस्तुस्थिती: याच इंजिनात पहिल्यातून दुसऱ्यात जाताना आरपीएम 9,000 वरून सुमारे 6,270 वर पडतात, पाचव्यातून सहाव्यात जाताना फक्त 7,900 पर्यंत. कमी वेगात जोर शिल्लक असतो, मोठी पायरी खपते. वेग वाढला की हवेचा विरोध वाढतो आणि इंजिनाला आपल्या सर्वोत्तम टप्प्याजवळच राहावं लागतं. म्हणून वरचे गिअर जवळजवळ असतात.

गैरसमज: टॉर्क सर्वाधिक असेल तिथेच गिअर बदलावा.

वस्तुस्थिती: या इंजिनाचा टॉर्क 7,000 आरपीएमच्या सुमारास शिखरावर असतो. तिथे पहिला सोडला तर दुसरा पाच हजारांच्याही खाली सुरू होतो आणि गाडी मेल्यासारखी होते. पुढच्या गिअरमध्ये चाकावर मिळणारा जोर चालू गिअरपेक्षा जास्त होईल, तेव्हाच बदलण्यात अर्थ असतो. बहुतेक इंजिनांत ती वेळ हॉर्सपॉवरचं शिखर ओलांडल्यावर येते.

गैरसमज: सगळ्यात वरच्या गिअरमध्येच टॉप स्पीड मिळतो.

वस्तुस्थिती: पोर्शे 911 ला 2011 मध्ये सात गिअरांचा मॅन्युअल गिअरबॉक्स मिळाला, पण त्यात टॉप स्पीड सहाव्यातच येतो. सातवा हायवेवर इंजिन शांत ठेवून पेट्रोल वाचवण्यासाठी आहे. जास्त वेगात गाडीला थोपवते ती मुख्यतः हवा. वेग दहा टक्के वाढवायला सुमारे 33 टक्के जादा हॉर्सपॉवर लागतात, आणि ते इंजिनात नसतील तर कुठलाच गिअर ते आणून देत नाही.

गैरसमज: जितके गिअर जास्त, तितकी गाडी वेगवान.

वस्तुस्थिती: फॉर्म्युला वनमध्ये 2013 पर्यंत सात गिअर होते आणि प्रत्येक ट्रॅकसाठी वेगळे रेशो निवडता येत. 2014 पासून गिअर आठ झाले, पण रेशो वर्षभरासाठी ठरलेले. त्यामुळे मोनॅकोच्या गल्ल्या आणि मोन्झाची लांब सरळ धाव एकाच संचावर निभावावी लागते. दुसरीकडे, मुंबईच्या महिंद्राचा संघ पहिल्या हंगामापासून ज्या फॉर्म्युला ई मध्ये आहे, तिथल्या 2014 च्या गाड्यांना पाच गिअर होते. फेब्रुवारी 2023 मध्ये हैदराबादच्या रस्त्यांवर धावलेल्या गाड्यांना एकच होता. विजेची मोटर शून्यापासूनच पूर्ण टॉर्क देते, शिवाय तिचे आरपीएम पेट्रोल इंजिनापेक्षा कितीतरी वर जातात.

मग निवड करायची कशी? आधी ट्रॅकवरचा सर्वाधिक वेग आणि टायरचा घेर घेऊन सर्वात वरचा कामाचा गिअर ठरवतात. मग टायरच्या पकडीवरून पहिला. मधले त्या दोघांच्या मध्ये, वर जाताना जवळजवळ येत जातील असे बसवतात. केटीएमचं इंजिन घेतलेल्या विद्यार्थ्यांना आतले रेशो बदलायचे तर अख्खं इंजिन फोडावं लागतं. म्हणून बहुतेक वेळा काम मागच्या स्प्रॉकेटवर भागवलं जातं: दोन-तीन दातांच्या फरकाचे संच सोबत ठेवायचे, सरावात प्रत्येकाची वेळ घ्यायची आणि चाक घसरल्याच्या नोंदी पाहून त्यातला एक पक्का करायचा.