चाकाची चाल आणि गाडीची उंची

डोंगरवाटांवर मोटार नेण्याची हौस असलेल्या आपल्याकडील मंडळींच्या बोलण्यात 'लाँग ट्रॅव्हल सस्पेन्शन' हे शब्द अलीकडे वारंवार येतात. परंतु गाडी जितकी उंच उचलावी तितकी तिच्या चाकांची चाल वाढते, असा जो त्यांचा अर्थ बहुतेकांच्या मनात रूढ झाला आहे, तो मुळातच चुकीचा आहे. चाल म्हणजे चाक अधांतरी लोंबत असताना ज्या सर्वांत खालच्या बिंदूवर असते, तेथपासून पूर्ण दबून ज्या वरच्या बिंदूवर थांबते तेथपर्यंतचे उभे अंतर. समजा, एखाद्या गाडीत हे अंतर २०० मिलिमीटर आहे, आणि ती स्वस्थ उभी असताना चाकाला वर जाण्यास १०० व खाली उतरण्यास १०० मिलिमीटरची मुभा आहे. स्प्रिंगच्या बैठकीत चकती घालून, म्हणजे स्प्रिंग अधिक दाबून बसवून, गाडी ५० मिलिमीटर उचलली की वर जाण्यास १५० मिळतात खरे, पण खाली उतरण्यास अवघे ५० उरतात आणि बेरीज २००च राहते. खड्ड्यात उतरून जमीन धरून ठेवण्याचे चाकाचे जे सामर्थ्य, तेच या उपायाने निम्म्यावर येते. आणि खडकाळ वाटेवर गाडी पुढे नेते ती जमिनीला टेकलेली चाके, हे ध्यानात घेतले म्हणजे या हानीचे गांभीर्य कळते.

तितकीच दृढ अशी दुसरी समजूत म्हणजे, उंची वाढवली की गाडीच्या पोटाखालचे सर्वच भाग जमिनीपासून दूर जातात. नाशिकच्या कारखान्यात तयार होणाऱ्या महिंद्र थारची २०२० सालची आवृत्ती पाहावी. तिच्या पुढच्या बाजूस दोन्ही चाके स्वतंत्र झुलणारी डबल विशबोन रचना आहे, मागे मात्र दोन्ही चाकांना जोडणारा अखंड एक्सल आहे. या एक्सलच्या पोटातील डिफरन्शिअलचा गोळा चाकांच्याच आधारावर असतो. म्हणून स्प्रिंग कितीही उंच बसवली तरी तो तसूभरही वर सरकत नाही. तो वर जातो केवळ टायर मोठा घातल्याने, आणि तेही टायरच्या व्यासात पडलेल्या भरीच्या निम्म्यानेच.

लांब चालीच्या या विद्येला खरा बहर आला तो मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पात, जेथे १९६७ साली तिहुआनापासून ला पाझपर्यंत वाळवंटी शर्यत प्रथम धावली. तेथील शर्यतीसाठी बांधलेल्या 'ट्रॉफी ट्रक'च्या मागच्या चाकांची चाल दोन फुटांहून अधिक असते. आणि फोर्डने २०१७ सालच्या रॅप्टर ट्रकला तर कारखान्यातूनच पुढे १३ व मागे १३.९ इंच चाल दिली. हे साधते कशाने? केवळ लांब शॉक अ‍ॅब्सॉर्बर लावून निश्चितच नव्हे. चाकाला चौकटीशी जोडणारे कंट्रोल आर्म लांब करावे लागतात, म्हणजे त्याच कोनात चाक अधिक मोठा कंस फिरते; मग गाडीची रुंदी वाढते, चाकाला फिरविणारे सीव्ही एक्सल लांब करावे लागतात, आणि चाक वळविणाऱ्या टाय रॉडची लांबी व कोन नव्या आर्मशी जुळवले नाहीत तर चाक खालीवर होताना आपोआप वळू लागते व स्टिअरिंग चालकाच्या हातात ओढ घेते. स्प्रिंगचाही हिशेब नव्याने मांडावा लागतो, आणि ही बाब जाणते लोकही विसरतात. चाक एक इंच चढताना स्प्रिंग ०.६ इंच दबत असेल, तर चाकाशी जाणवणारा तिचा ताठपणा या आकड्याच्या वर्गाइतका, म्हणजे मूळच्या ०.३६ पट असतो. आर्म लांब होऊन तोच आकडा ०.५ झाला की ताठपणा ०.२५ पट उरतो. जवळजवळ ३० टक्क्यांची ही घट जुन्या स्प्रिंगने भरून निघत नाही.

शॉक अ‍ॅब्सॉर्बर गाडीचा भार उचलतो, असेही पुष्कळांना वाटते. भार उचलणे हे स्प्रिंगचे काम. शॉक अ‍ॅब्सॉर्बर हालचालीतील ऊर्जा तेलात मुरवून तिची उष्णता करतो. तेल फार तापले की पातळ होते, त्यात फेस धरतो, आणि गाडी लाटेवरच्या होडीसारखी डुलू लागते. निराळा ठेवलेला तेलाचा डबा आणि त्यातील नायट्रोजनचा दाब यांची योजना याच कारणासाठी आहे. परंतु हे तापणे भरधाव वेगाने सतत आदळत राहण्याचे फळ होय. सह्याद्रीतील चिखलाच्या आणि दगडांच्या वाटांवर, जेथे गाडी पायी चालणाऱ्याच्या गतीने सरकते, तेथे वाळवंटासाठी घडविलेल्या या महागड्या सरंजामावर खर्च करण्यापेक्षा चाकाला खाली उतरण्यास मोकळीक देणे आणि टायर चांगला निवडणे मला अधिक हिताचे वाटते.

कायद्याची बाबही नजरेआड करून चालणार नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये, उत्पादकाने दिलेल्या व नोंदणी दाखल्यात नमूद असलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार वाहनात करण्यास मनाई आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसाच निर्वाळा दिला. तेव्हा काम हाती घेण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करावी आणि विमा कंपनीस लेखी कळवावे.

इतके करूनही ज्यांना ही सुधारणा करवून घ्यावयाचीच आहे, त्यांनी जोडणी पुरी होण्याच्या आधी कारागिराकडे एका परीक्षेचा आग्रह अवश्य धरावा. स्प्रिंग काढून ठेवून, गाडी भक्कम आधारावर उचलून, प्रत्येक चाक जॅकने सर्वांत खालच्या टोकापासून सर्वांत वरच्या टोकापर्यंत सावकाश न्यावे. पुढची चाके प्रथम सरळ ठेवून, मग उजवीकडे आणि डावीकडे पूर्ण वळवून हेच पुन्हा करावे. ब्रेकची नळी कोठे ताणली जाते, बॉल जॉइंट कोठे अडतो, टायर मडगार्डला कोठे घासतो आणि रबरी बंप स्टॉप शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या आधी टेकतो की नंतर, हे सारे तेथेच, गाडी रस्त्यावर उतरण्यापूर्वी, डोळ्यांनी दिसते.