पान उघडेना, दोष कुणाचा?

शेगडी नीट पेटेना म्हणून आपण लगेच नवी शेगडी आणायला निघत नाही. आधी नळी पाहतो, बर्नरची भोकं साफ करतो, सिलिंडर हलवून बघतो. मग संगणकाच्या बाबतीतच आपण इतक्या घाबऱ्या का होतो?

मैत्रिणींनो, ही गोष्ट माझ्याच घरची. भोकरदन तालुक्यातलं आमचं पिंपळगाव रेणुकाई हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी ओळखलं जातं. मिरचीच्या चार पैशांतून थोडे बाजूला टाकून मी मुलीच्या शिक्षणासाठी साठवत होते. घरात भावानं दिलेला जुना संगणक होता, त्यावर त्यानंच लिनक्स घालून दिलेलं. मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता आणि मुदत संपायला दोनच दिवस उरले होते. पण पान उघडेल तर शपथ! ते गोल चक्र आपलं फिरतंय, फिरतंय. पान येईपर्यंत ‘वेळ संपली’ अशी पाटी झळकायची.

“फुकटातलं आहे ना ते? असंच चालायचं,” ह्यांचा शेरा. “नवा संगणक घेऊन टाकू.”

म्हणजे माझ्या साठवणीवरच गदा! मी भावाला फोन लावला. तो म्हणाला, “ताई, फुकट म्हणजे कमअस्सल नव्हे. १९९१ साली फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्यानं लिनक्स सुरू केलं. तुझा अँड्रॉइड मोबाईलसुद्धा त्याच्याच गाभ्यावर चालतो. आधी दोष कुठं आहे ते शोध.” मग त्यानं सांगितलं तसं एकेक पाहत गेले.

पहिली गोष्ट, सगळीच पानं रेंगाळतात की एकच? एकच रेंगाळत असेल तर बहुधा त्या पानाकडेच गर्दी असते. रात्री उशिरा किंवा पहाटे पाहावं. आमच्याकडे सगळीच रेंगाळत होती. त्याच वायफायवर मोबाईल मात्र झटपट चालत होता. म्हणजे घरापर्यंतची लाइन ठीक होती.

दुसरी गोष्ट, यंत्र दमलंय का? लिनक्समध्ये ‘सिस्टीम मॉनिटर’ नावाची खिडकी असते. तिथं मेमरी काठोकाठ भरलेली आणि ‘स्वॅप’चा आकडा वाढत चाललेला दिसला, तर समजावं की ओटा भरला म्हणून भांडी जमिनीवर मांडून स्वयंपाक चाललाय. उघडी ठेवलेली नको ती पानं बंद करावीत, ब्राउझरला जोडलेली उपकरणं काढून टाकावीत. आमचा ओटा मोकळाच निघाला.

तिसरी गोष्ट, रस्ता मोकळा आहे का? ‘टर्मिनल’ उघडून इंग्रजीत ‘पिंग’ लिहायचं, एक जागा सोडून ८.८.८.८ हा आकडा इंग्रजी अंकांत टाकायचा आणि एंटर दाबायचं. उत्तरं भराभर आली तर रस्ता मोकळा. मधली उत्तरं गळत असतील, तर संगणक राउटरजवळ न्यावा किंवा वायरनं जोडून पाहावा. तरीही गळती थांबली नाही तर लाइनवाल्याला बोलवावं. थांबवायला कंट्रोल आणि सी एकत्र दाबायचं. आमचा रस्ताही मोकळा!

आता चौथी गोष्ट. त्याच ‘पिंग’पुढे आकड्याऐवजी एखाद्या संकेतस्थळाचं नाव लिहिलं. आणि काय आश्चर्य! आधी नुसती सामसूम, मग उत्तरं भराभर. चोर सापडला, बरं का!

त्याचं असं आहे, संगणकाला नाव कळत नाही, आकडी पत्ता लागतो. तो पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेला डीएनएस म्हणतात. बाजारात नवखा माणूस नाक्यावरच्या दुकानदाराला पत्ता विचारतो ना, तसंच. पण ते दुकानच कायमचं बंद झालं असेल तर? लिनक्सचा मूळ नियम असा, की उत्तर आलं नाही तर पाच सेकंद थांबायचं आणि मग दुसऱ्याला विचारायचं. काही नव्या आवृत्त्या यात जरा हुशारी दाखवतात. पण एका पानातली चित्रं, अक्षरं, जाहिराती निरनिराळ्या ठिकाणांहून येतात. प्रत्येक नव्या नावाला पाच सेकंद म्हटलं तर अर्ज कधी भरून व्हायचा?

सेटिंग्जमध्ये नेटवर्क, त्यात आपल्या जोडणीपुढचं दातेरी चाक, मग ‘आयपीव्ही फोर’ असं उघडलं. डीएनएसच्या रकान्यात पहिलाच आकडा कुणीतरी हातानं लिहिलेला. आधीची जोडणी देणाऱ्या माणसानं तो टाकला होता. जोडणी बदलली, आकडा तसाच राहिला. मोबाईल राउटरला विचारून पत्ता घेत होता, म्हणून त्याचं अडत नव्हतं. मी तो आकडा पुसला, ‘ऑटोमॅटिक’ चालू केलं, बदल जतन केला आणि वायफाय एकदा बंद करून पुन्हा लावलं. पान पटकन समोर!

राउटरनं दिलेला पत्तेवालाच ढिला असेल, तर ‘ऑटोमॅटिक’ बंद करून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ यांपैकी एखादा सार्वजनिक आकडा लिहिता येतो. मात्र काही बदलण्यापूर्वी जुना आकडा वहीत टिपून ठेवा हं! चुकलंच तर परत जागेवर ठेवता येतं.

अर्ज त्याच संध्याकाळी भरला. साठवलेले पैसे डब्यात तसेच राहिले. आणि ह्यांनी? काही न बोलता चहाचा कप माझ्यापुढे आणून ठेवला. आमच्या घरी एवढं म्हणजे पुष्कळच!