क्वांटममध्ये पीएच.डी. करायचीय, पण नेमकी कशात?

"ताई, मला क्वांटममध्ये पीएच.डी. करायचीय. कुठला ऑनलाइन कोर्स करू?" एमएस्सीच्या मुलांकडून हा प्रश्न मला सारखा येतो. येणारच म्हणा. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली. त्यासाठी २०३१ पर्यंत ६००३ कोटींची तरतूद आहे आणि आठ वर्षांत ५० ते १००० क्युबिटचे संगणक बनवायचं उद्दिष्ट आहे. पण कोर्सच्या आधी एक प्रश्न स्वतःला विचारा: क्वांटम म्हणजे नेमकं काय?

कारण 'क्वांटम' हे एक काम नाही. मिशनची चार केंद्रं बघा. संगणन बंगळुरूच्या आयआयएस्सीत, संदेशवहन आयआयटी मद्रासला, संवेदन व मापन आयआयटी मुंबईत आणि पदार्थ व उपकरणं आयआयटी दिल्लीत. चारही ठिकाणी समीकरणं तीच, पण रोजचा दिवस अगदी वेगळा.

दिवस कसा जातो?

थंड अणूंच्या लॅबमध्ये (पुण्याच्या आयसरमध्ये हे काम चालतं) तुमचा दिवस आरसे आणि लेन्स जुळवण्यात जातो. रुबिडियमसाठी लेझर ७८० नॅनोमीटरवर अगदी घट्ट बांधून ठेवावा लागतो, आणि व्हॅक्यूम बिघडला की आठवडे जातात. सुपरकंडक्टिंग क्युबिटचं काम टीआयएफआरमध्ये होतं. तिथे चिप बनवायची, ती डायल्यूशन फ्रिजमध्ये शून्य केल्विनच्या काही शतांश अंश वर नेऊन ठेवायची आणि मायक्रोवेव्हने तपासायची. म्हणजे निम्मं काम इलेक्ट्रॉनिक्सचंच. थिअरीत मात्र वही, पांढरा फळा आणि कोड. प्रयागराजच्या हरिश्चंद्र संशोधन संस्थेत क्वांटम माहितीशास्त्राचा जुना, भक्कम गट आहे. तिथे यंत्र बिघडत नाही, पण दोन-दोन महिने गणित पुढे सरकत नाही, हेही सहन करता आलं पाहिजे.

यातलं कुठलं पाच-सहा वर्षं न कंटाळता कराल? संस्थेच्या नावाआधी हे ठरवा.

ठरवायचं कसं?

वाचून ठरत नाही, करून ठरतं. बीएस्सीत असाल तर होमी भाभा केंद्राचा एनआययूएस, एमएस्सीत असाल तर टीआयएफआरचा व्हीएसआरपी. शिवाय विज्ञान अकादम्यांची उन्हाळी फेलोशिप आहे. आयसर पुण्याच्या आय-हबकडून चाणक्य फेलोशिप मिळतात, त्यांची जाहिरातही बघत राहा. उन्हाळ्याचे अर्ज हिवाळ्यातच भरायचे असतात. परीक्षा संपल्यावर शोधलं तर उशीर झालेला असतो. यातलं काहीच मिळालं नाही तरी एमएस्सीचा प्रोजेक्ट प्रयोगाचा घ्या. जुना ऑसिलोस्कोप असला तरी चालेल. सोल्डरिंग, डेटा घेणं, पायथनमध्ये आलेख काढणं हे कुठल्याही लॅबमध्ये उपयोगी पडतं.

मुलाखतीत काय विचारतात?

माझा स्वतःचा अनुभव सांगते. मी ऐटीत सांगितलं, "क्वांटम कम्प्युटिंगमध्ये इंटरेस्ट आहे." समोरच्या सरांनी फळ्यावर दोन बाय दोनचं मॅट्रिक्स लिहायला सांगितलं: वरच्या ओळीत शून्य, एक, खालच्या ओळीत एक, शून्य. "आयगेनव्हॅल्यू काढा." काढल्या, अधिक एक आणि उणे एक. "आता क्युबिट 'शून्य' स्थितीत आहे आणि ही राशी मोजली. काय मिळेल?" इथे मी अडकले. उत्तर सोपं आहे. 'शून्य' स्थिती म्हणजे या मॅट्रिक्सच्या दोन आयगेनव्हेक्टरची सारख्या वाट्याची बेरीज, म्हणून अधिक एक किंवा उणे एक, प्रत्येकाची शक्यता निम्मी. माझ्याकडे दोन ऑनलाइन सर्टिफिकेटं होती, पण ही एक पायरी हाताने कधी केली नव्हती. त्या वर्षी तिथे निवड झाली नाही.

तेव्हापासून मी सगळ्यांना हेच सांगते: रेषीय बीजगणित आणि एमएस्सीचं क्वांटम मेकॅनिक्स वहीत सोडवा. क्वांटम कम्प्युटिंगचे कोर्स त्यानंतर.

दरवाजे कुठले?

सीएसआयआर-नेट, गेट, जेस्ट आणि टीआयएफआरची स्वतःची परीक्षा. चारही द्या, अभ्यासक्रम बराचसा सारखाच आहे. नेट-जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,००० आणि घरभाडं भत्ता वेगळा (हे दर २०२३ पासूनचे). घरी "अजून किती वर्षं शिकणार?" असं विचारतात तेव्हा हा आकडा सांगायला बरा पडतो.

अर्ज करण्याआधी एक काम नक्की करा. ज्या गटात जायचंय, तिथल्या एखाद्या पीएच.डी. विद्यार्थ्याला साधी मेल टाका आणि विचारा, "कालचा दिवस काय करण्यात गेला?" ते उत्तर वाचून तुम्हाला हुरूप आला, तर तुमचं क्वांटम तेच.