स्थळ वेबसाईटवर पाहावे की ॲपवर?

— ऊस विकास अधिकारी



ऊस नोंदीच्या निमित्ताने गावोगाव फिरणे होते. पूर्वी चौकशी असायची ती तोड केव्हा मिळणार आणि बेणे कुठले आणायचे याची. आता बांधावर जरा टेकलो की विषय निघतो, "साहेब, आमच्या पोराला एखादं स्थळ बघा की." पाच एकर बागायत, विहिरीला पाणी, पोरगं निर्व्यसनी, पण शेती म्हटली की समोरून नकार! डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात बिनलग्नाच्या तरुणांनी नवरदेवाच्या पोषाखात, घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेला. पुष्कळांनी तो हसण्यावारी नेला. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली होत्या अवघ्या ८५२. तीच पिढी आता लग्नाला येऊ लागली आहे. मुली कुठे गेल्या, हे आपल्यालाच ठाऊक.

असो. घरोघरी मोबाईल आल्यामुळे पोरं आता स्वतःच शोधाला लागली आहेत. त्यात दोन प्रकार आहेत आणि वडीलधाऱ्यांची त्यात गल्लत होते.

पहिला प्रकार विवाह जुळविणाऱ्या वेबसाईटचा. शादी डॉट कॉम, भारत मॅट्रिमोनी वगैरे. ही आपली वधू-वर सूचक मंडळेच, फक्त वही मोबाईलमध्ये गेली. शिक्षण, जात, पत्रिका, उत्पन्न सारे भरायचे. नाव घालणे बहुधा फुकट, पण फोन नंबर पाहायचा तर पैसे. दुसरा प्रकार डेटिंग ॲपचा. २०१२ साली अमेरिकेत निघालेले टिंडर त्यातले सर्वांत गाजलेले. तिथे फोटो आवडला की बोट एका बाजूला, नाही आवडला की दुसऱ्या. दोघांनी एकमेकांना पसंत केले तरच बोलणे सुरू. तिथे सगळेच लग्नासाठी आलेले असतात असे नाही, कोणी नुसत्या ओळखीसाठीही येते. यात वाईट काही नाही, पण ते समजून जावे.

शिवाय हे ॲप माणसे दाखवते ती अंतरावरून. पुण्या-नाशकाला नोकरीला असलेल्या मुलामुलींना त्याचा उपयोग होईलही. राहात्यात बसून उघडले तर दिसणार कोण? चार ओळखीची तोंडे आणि शिर्डीला दर्शनाला आलेली मंडळी, जी उद्या सकाळी आपल्या गावी जाणार! शेतीवर राहणाऱ्या मुलासाठी वेबसाईट बरी, असे माझे स्पष्ट मत आहे.

पण वेबसाईटवर आपल्या लोकांची गाडी अडते ती उत्पन्नाच्या रकान्यात. आडसाली ऊस सोळा-अठरा महिन्यांनी तुटतो, मग वार्षिक उत्पन्न लिहायचे काय? कोणी बिलाचा सगळा आकडा टाकतो, कोणी घाबरून शून्य. मागच्या तीन वर्षांची बिले काढा, खते, मजुरी, सोसायटीचे कर्ज वजा करा आणि सरासरी लिहा. दुधाचा पैसा वेगळा दाखवा. 'शेती'ऐवजी नुसते 'व्यवसाय' लिहून वेळ मारून नेऊ नका. सातबारा आता मोबाईलवर कोणालाही पाहता येतो; सामाईक क्षेत्र स्वतःच्या नावावर दाखवलेत तर मुलीचा मामा दोन मिनिटांत पकडेल. घरात संडास-बाथरूम, मुलीला पुढे शिकायची वा नोकरी करायची मोकळीक, हेही लिहा. मुली आधी तेच वाचतात.

आणि मुलींचे अर्ज बापांनी परस्पर भरू नयेत. तिला काय हवे ते तिला लिहू द्या.

फसवणूक दोन्हीकडे आहे. जून २०१६ मध्ये केंद्र सरकारने विवाहविषयक वेबसाईटना सूचना दिल्या, की ओळखीचा पुरावा घ्यावा आणि ही जागा डेटिंगसाठी नाही हे स्पष्ट लिहावे. तरीही कागद तपासला म्हणजे माणूस तपासला असे होत नाही. बेणे आणताना आपण प्लॉटवर जाऊन डोळा पाहतो, कांडी फोडतो. इथे मात्र फोटोवर भाळून पैसे पाठवतो. प्रत्यक्ष घर पाहिल्याशिवाय, भावकीत विचारल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. "मुलगी दाखवतो, दोन लाख तयार ठेवा" म्हणणारा मध्यस्थ भेटला तर त्याला चहाही पाजू नका. असल्या लग्नांत चार दिवसांत नवरी दागिन्यांसह नाहीशी झाल्याच्या बातम्या आपण वाचतोच.

मोबाईलवरून पैसे गेलेच तर लाजेपोटी गप्प बसू नका. १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यात सरकतात. बोलण्याचे मेसेज पुसू नका, पोलिसांना तेच लागतात.