बिअरच्या पातेल्यात विजेची कॉइल

अमेरिकेत घरी बिअर करणारे बरेच जण गॅसची शेगडी सोडून थेट पातेल्यातच विजेची कॉइल बसवतात. कॉइल बहुतेकदा गीझरचीच असते: २४० व्होल्टवर चालणारी, ५५०० वॅटची. ती सुमारे २३ अँपिअर ओढते, म्हणून तिला ३० अँपिअरची स्वतंत्र लाइन लागते. २० लिटर पाणी २० अंशांवरून उकळीला यायला वीस-बावीस मिनिटं पुरतात.

पण गीझरची कुठलीही कॉइल उचलून चालत नाही. माल्टच्या गोड काढ्यातली साखर फार तापलेल्या नळीवर करपते आणि तो जळका वास बिअरमधून काही केल्या जात नाही. म्हणून वॅट तेवढेच, पण नळी दुमडून लांब केलेली आणि पृष्ठभाग जास्त असलेली कॉइल घ्यावी. इथे पैसे वाचवू नयेत.

भोक पातेल्याच्या बाजूला, तळाजवळ पाडतात. साधारण ३२ मिलिमीटरचं. भोकाची धारदार कड कानशीने नीट घासली नाही तर सिलिकॉनची रिंग चिरते आणि थेंब थेंब गळती सुरू होते, तीही नेमकी वायरिंगच्या बाजूला. बाहेरच्या टोकांवर पाणी न शिरणारा बंद डबा हवाच. अर्थिंगची तार पातेल्याच्या धातूला घट्ट जोडावी. काही मिलिअँपिअर गळती होताच वीज तोडणारा ब्रेकरही लाइनवर असावा.

पहिली चाचणी साध्या पाण्याने घ्या. कॉइल पूर्ण बुडाल्याशिवाय बटण दाबू नका. कोरडी तापली तर ती जळून जाते. आणि वायरिंग परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.