पुष्कळ तोंडांनीं एकच गोष्ट

वृत्तपत्रें, आकाशवाणी, दूरदर्शन आणि गांवच्या भिंती एकदम एकच वाक्य बोलूं लागल्या, म्हणजे तें खरें वाटूं लागतें. प्रचाराच्या साऱ्या शास्त्राची भिस्त या मनोधर्मावर आहे. परंतु तें वाक्य माणसाच्या उंबऱ्यापर्यंत आल्यावर त्याचें काय होतें, हें आम्हां मराठवाड्यांतील लोकांस दोनदां पाहावयास मिळालें.

सन 2003-04 मध्यें केंद्र सरकारनें 'इंडिया शायनिंग' म्हणजेच 'भारत उदय' या नांवानें जाहिरातींची झोड उठविली. खर्च अर्थातच सरकारी तिजोरींतून. पुढें निवडणूक आली. सत्ताधारी पक्षाच्या प्रचाराचे सूत्रधार प्रमोद महाजन हे अंबाजोगाईचे, म्हणजे आमच्याच मुलखांतले. पंतप्रधान वाजपेयींचा ध्वनिमुद्रित आवाजहि दूरध्वनीवरून लोकांच्या कानीं पडूं लागला. 13 मे 2004 रोजीं निकाल लागला: भाजपला 138 जागा, काँग्रेसला 145. एका जाहिरातीनें राज्य जातें असें नव्हे. पण कोरडवाहू कापूस पिकविणाऱ्यानें हा उदय आपल्या बांधावर कोठें शोधावा, हें त्यास कोणीं सांगितलें नव्हतें.

पोलिओची मोहीम निराळी. ती 1995 च्या डिसेंबरांत देशभर सुरू झाली. पुढें अमिताभ बच्चन दूरदर्शनवरून दोन थेंबांविषयीं बजावूं लागले, भिंतींवर तेंच, ध्वनिक्षेपकावर तेंच. तथापि एकत्र कुटुंबांत शेवटचा शब्द आजीबाईंचा! "धडधाकट पोराला औषध कशाला?" या प्रश्नास पडद्यावरील नट काय उत्तर देणार? तें परभणी-पूर्णा लोहमार्गावरील पिंगळीसारख्या गांवांत ओळखीच्या अंगणवाडीताईनेंच द्यावयाचें. तिच्याजवळ बर्फाच्या पेटींत लस. बाटलीवर एक वर्तुळ व त्यांत फिकट चौकोन. उष्णता लागली कीं तो चौकोन काळवंडतो, आणि वर्तुळाइतका गडद झाला कीं बाटली टाकून द्यावयाची. थेंब दिल्यावर मुलाच्या डाव्या करंगळीवर शाईची खूण. जें मूल केंद्रावर आलें नाहीं, त्याच्यासाठीं पुढले दिवस घरोघर फेरी आणि दारावर खडूची नोंद. जाहिरात फार तर रविवारची आठवण देई. आजीबाईंचें मन वळे तें ताईशीं बोलतांना.

आमच्या पिढीच्या शाळांत पोलिओनें अधू झालेलें मूल असणें नवलाचें नव्हतें. नैसर्गिक विषाणूचा भारतांतील शेवटचा रुग्ण 2011 च्या जानेवारींत हावडा जिल्ह्यांत आढळला. 27 मार्च 2014 रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें देश पोलिओमुक्त झाल्याचें प्रमाणपत्र दिलें. पाकिस्तान व अफगाणिस्तान येथें तो विषाणु अद्यापि आहे, म्हणून लसीचे रविवार आपल्याकडे थांबलेले नाहींत.