विरारकरांचा दिवस आणि मेंदूची निगा

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण शरीराच्या ऊर्जेतली सुमारे २० टक्के तो एकटा वापरतो. ही ऊर्जा त्याच्यापर्यंत रक्तातूनच पोचते. म्हणून औषधांच्या दुकानातली ‘स्मरणशक्ती वाढवणारी’ बाटली घेण्याआधी रक्तवाहिन्यांकडे लक्ष द्यायला हवं. भारतात साठी ओलांडलेल्यांपैकी अंदाजे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली १४ कारणांची यादी दिली. ती सगळी दूर करता आली, तर स्मृतिभ्रंशाचे सुमारे ४५ टक्के रुग्ण टाळता येतील किंवा निदान आजार लांबणीवर पडेल, असं आयोग म्हणतो. यांतली बरीच कारणं आपल्या रोजच्या दिवसातच आहेत.

झोप

विरारहून चर्चगेट साठ किलोमीटरवर. जाऊन-येऊन तीन तास गाडीत जातात, आणि ते बहुतेकदा झोपेतूनच वजा होतात. पहाटे उठून डबा करून गाडी पकडणाऱ्या बाईची झोप तर घरात सगळ्यांत कमी.

झोपेत मेंदूतला द्रव पेशींमधल्या फटींतून अधिक मोकळेपणाने वाहतो आणि दिवसभर साठलेली टाकाऊ प्रथिनं वाहून नेतो, असं मायकेन नेडरगार्ड यांच्या गटाला २०१३ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं. अल्झायमरशी संबंधित अमायलॉइड हे त्यांतलंच एक प्रथिन. ब्रिटनमध्ये हजारो लोकांची वर्षानुवर्षं नोंद ठेवलेल्या अभ्यासात, पन्नाशी-साठीत सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांत पुढे स्मृतिभ्रंश अधिक आढळला. गाडीतली डुलकी थकवा घालवते, पण रात्रीच्या सलग झोपेची जागा घेत नाही. पहाटेची वेळ आपल्या हातात नसेल, तर रात्रीची आहे: जेवण लवकर, मोबाइल उशापासून लांब. आणि डब्याचं काम घरातल्या दोघांनी वाटून घ्यावं, हा मला तरी मेंदूच्या आरोग्याचाच उपाय वाटतो.

चालणं

अमेरिकेत १२० ज्येष्ठांवर झालेला एक प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून तीनदा, चाळीस-चाळीस मिनिटं भरभर चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे स्मृती घडवणारा मेंदूचा भाग, वर्षभरात सुमारे २ टक्क्यांनी वाढला. नुसते स्नायू ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांत तो थोडा आक्रसला. विरारला त्यासाठी जिमची फी भरायची गरज नाही. गुडघे आणि हृदय ठीक असेल, तर जीवदानीच्या पायऱ्या आहेत. नसेल, तर अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर संध्याकाळी सपाट वाळूत चालावं. स्टेशन ते घर हे अंतर रिक्षाऐवजी पायी काटलं, तरी पुष्कळ झालं.

माणसं आणि भाषा

विरार लोकलचा डबा म्हणजे नुसती गर्दी नव्हे. तिथे भजनं होतात, वाढदिवस होतात, भाजी निवडता निवडता घरच्या गोष्टी निघतात. पाठ केलेले अभंग टाळांच्या ठेक्यावर चारचौघांत म्हणताना स्मरण, लय आणि सोबत तिन्ही एकत्र येतात. निवृत्तीनंतर हा डबा अचानक सुटतो आणि माणूस दिवसभर टीव्हीसमोर एकटा बसतो. एकटेपणा हे त्या चौदांतलं एक कारण आहे, म्हणून निवृत्तीच्या आधीच गावातलं भजनी मंडळ, वाचनालय, बागेतला कट्टा शोधून ठेवा.

आपल्या पट्ट्याला भाषांचीही श्रीमंती आहे. घरात वाडवळी किंवा सामवेदी, शाळेत मराठी, दुकानात गुजराती, गाडीत हिंदी. डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी हैदराबादच्या निजाम्स इन्स्टिट्यूटमध्ये ६४८ रुग्णांचा अभ्यास केला. दोन भाषा बोलणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाची लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झाल्याचं त्यांनी २०१३ मध्ये मांडलं. निरक्षरांतही हा फरक होता. तेव्हा नातवंडांशी आपली बोली बोलायला संकोचू नका.

कान, रक्तदाब, हेल्मेट

गाडीच्या खडखडाटात गाणं ऐकू यावं म्हणून आपण हेडफोनचा आवाज चढवत नेतो. हे कानांना महागात पडतं, आणि ऐकू कमी येणं हेही त्या यादीत वर आहे. बाहेरचा गोंगाट अडवणारे हेडफोन आवाज कमी ठेवून वापरावेत. घरातल्या वडीलधाऱ्यांना ऐकू कमी येत असेल, तर कानाचं यंत्र लावण्याची लाज वाटू देऊ नये.

चाळिशीनंतर रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल नियमित तपासावं. तिन्ही वाढूनही बराच काळ काहीच जाणवत नाही. तंबाखू सोडावी. आणि दुचाकीवर, अगदी आगाशीपर्यंत जायचं असलं, तरी हेल्मेट हवं, कारण डोक्याला बसलेला जबर मारही पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवतो.

ताट

याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पालेभाज्या, डाळी, शेंगदाणे, बांगड्यासारखे तेलकट मासे चांगले. लोणचं, पापड, खारवलेली मासळी बेतानं. शाकाहारी मंडळींनी बी-१२ तपासून घ्यावं.

डॉक्टरांकडे कधी जावं

चष्मा कुठे ठेवला ते विसरणं सगळ्यांनाच होतं. पण रोजच्या गल्लीत वाट चुकणं, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, पैशांचा साधा हिशेब जमेनासा होणं, हे ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. बी-१२ची कमतरता, थायरॉइडचा बिघाड आणि नैराश्य यांमुळेही असं होतं, आणि वेळेत उपचार मिळाले तर यातली बरीच माणसं सुधारतात.